पॉइंट्स तुमचे, भाव त्यांचा! हॉटेल आणि विमानाच्या रिवॉर्डचं खरं गणित काय?

खारदांड्यातून विमानतळाचं टर्मिनल-१ रिक्षाच्या टप्प्यात आहे. उत्तरेला जुहूच्या किनाऱ्यावर जेडब्ल्यू मॅरियट आणि नोव्होटेल, दक्षिणेला वांद्र्याच्या टोकाशी ताज लँड्स एंड, पूर्वेला सांताक्रूझमध्ये ग्रँड हयात. जगभर पसरलेल्या हॉटेल साखळ्या कोळीवाड्यापासून पाच-सात किलोमीटरच्या आत आहेत. आता दांड्यातला माणूस स्वतःच्या घरापासून इतक्या जवळ रात्रीचे हजारो रुपये मोजून कशाला राहायला जाईल? पण याच हॉटेलांचे आणि याच विमानांचे पॉइंट्स मात्र दांड्यातल्या घरांत पडून असतात. कुणाचा मुलगा जहाजावर इंजिनीअर आहे, कंपनीच्या तिकिटावर सिंगापूर, दुबई, रॉटरडॅम करतो. कुणाची मुलगी ऑडिटला महिन्यातले पंधरा दिवस बेंगळुरू-हैदराबादच्या हॉटेलात असते. तिकीट कंपनीचं, खोली कंपनीची, पॉइंट्स मात्र प्रवाशाचे. आणि बऱ्याचदा ते कुणीच वापरत नाही.

हे पॉइंट्स म्हणजे पैसे आहेत का? अर्धवट. वापरायचे कसे, त्यांची किंमत काढायची कशी आणि ते मिळवायच्या नादात खिसा कुठे फाटतो, हे समजून घेऊ.

पॉइंट म्हणजे नेमकं काय?

१ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हान्टेज’ नावाची योजना सुरू केली. आमच्याकडून जितके मैल उडाल तितके मैल खात्यात जमा, पुरेसे साठले की तिकीट फुकट, अशी ती साधी कल्पना होती. काही दिवसांतच युनायटेडनेही तेच केलं. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल साखळ्या त्यात उतरल्या. तेव्हापासून ‘माइल्स’ हा शब्द राहिला, पण मैलांशी त्याचा संबंध विरळ होत गेला. एअर इंडियाने २०२४ मध्ये आपली योजना बदलली. आता किती लांब उडालात यापेक्षा तिकिटावर किती पैसे खर्च केले यावर पॉइंट्स मिळतात. ‘फ्लाइंग रिटर्न्स’ हे जुनं नावही गेलं. २०२५ पासून ती योजना ‘महाराजा क्लब’ आहे.

कंपनीच्या हिशोबात तुमचा न वापरलेला पॉइंट ही देणेदारी असते. सेवा अजून द्यायची आहे, म्हणून तिकीट विकून आलेल्या रकमेतला एक हिस्सा बाजूला धरावा लागतो. मग ही देणेदारी कमी करायचे मार्ग कोणते? तुम्ही पॉइंट्स वापरलेत तर कमी होते, मुदत संपून ते बाद झाले तर कमी होते आणि कंपनीने पॉइंटचा भावच उतरवला तरी कमी होते. पहिला मार्ग तुमच्या हातात आहे. उरलेले दोन त्यांच्या.

मग कंपन्या हा खटाटोप का करतात? कारण हे पॉइंट्स त्या फक्त वाटत नाहीत, विकतातही. तुमच्या क्रेडिट कार्डवरचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवलेत की बँक विमान कंपनीला त्याचे पैसे देते. हा धंदा किती मोठा आहे ते करोनाकाळात दिसलं. विमानं जमिनीवर होती तेव्हा युनायटेड एअरलाइन्सने आपली ‘मायलेजप्लस’ योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचं कर्ज उभं केलं. विमानं उडत नव्हती, पण पॉइंट्सची योजना सावकाराला तारण म्हणून चालली!

जेट बुडाली, माइल्स का वाचले?

मुंबईच्या उपनगरांत हा प्रश्न पुस्तकी नाही. जेट एअरवेजचं मुख्यालय अंधेरी पूर्वेला सहार विमानतळ रस्त्यावर होतं, किंगफिशरचं विलेपार्ल्याला. दोन्ही कंपन्या गेल्या. पण त्यांच्या पॉइंट्सचं जे झालं ते अगदी वेगवेगळं होतं.

ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमानं थांबली, परवाना निलंबित झाला. ‘किंग क्लब’च्या खात्यात माइल्स दिसत राहिले तरी त्यावर उडायला विमानच नव्हतं.

जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं. त्यानंतर ज्यांची तिकिटं काढलेली होती त्यांचे हाल झाले, कर्मचाऱ्यांचे पगार अडकले, प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. पण ‘जेट प्रिव्हिलेज’चे माइल्स बाद झाले नाहीत. कारण जेट प्रिव्हिलेज ही कागदोपत्री वेगळी कंपनी होती आणि २०१४ पासून तिचा ५०.१ टक्के हिस्सा अबुधाबीच्या एतिहादकडे होता. विमान कंपनी बुडाली तरी पॉइंट्सची कंपनी उभी राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये तिचं नाव ‘इंटरमाइल्स’ झालं आणि माइल्स इतर ठिकाणी वापरता आले. अर्थात ज्याने चार वर्षं जपून जेटच्या बिझनेस क्लासने लंडन गाठायचं ठरवलं होतं, त्याच्यासाठी ‘इतर ठिकाणी’ या शब्दांत फारसं सुख नव्हतं.

विस्ताराचा शेवट त्यामानाने सौम्य झाला. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी ती एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट्स एकास एक या दराने एअर इंडियाच्या योजनेत आले. उलट त्यातून एक दार उघडलं. विस्तारा कुठल्याच जागतिक गटात नव्हती. एअर इंडिया मात्र जुलै २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, त्यामुळे हे पॉइंट्स सिंगापूर एअरलाइन्स, लुफ्तान्सा, थाई यांच्या विमानांवरही वापरता येतात. इंडिगोनेही २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ ही योजना आणली, पण इंडिगो अशा कुठल्या गटात नाही.

या तिन्ही प्रकरणांतून वाचकाने एवढंच घ्यावं की पॉइंट्सवर व्याज मिळत नाही, त्यांना ठेव विम्याचं कवच नाही आणि त्यांचे नियम एका ई-मेलने बदलतात. बँकेतली मुदत ठेव साठवतात तसे ते साठवू नयेत. सहलीचा बेत असेल तेवढे जमवावेत आणि उडवून मोकळं व्हावं.

एका पॉइंटची किंमत किती पैसे?

इथे थोडं गणित आहे, पण मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होणारं. रोखीने किती पैसे लागले असते ते पाहा. त्यातून पॉइंट्सच्या तिकिटावरही द्यावे लागणारे कर आणि शुल्क वजा करा. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंट्सनी भागा. जे येईल ती तुमच्या एका पॉइंटची त्या दिवशीची, त्या तिकिटापुरती किंमत.

समजा, मुंबई-दिल्ली तिकीट ६,५०० रुपयांना आहे. पॉइंट्सने घेतलं तर ८,००० पॉइंट्स आणि वर १,००० रुपये कर. वाचले ५,५०० रुपये. भागिले ८,०००, म्हणजे पॉइंटमागे जवळपास ६९ पैसे. आता हेच तिकीट ऐन दिवाळीत १४,००० ला गेलं आणि पॉइंट्स तेवढेच लागत असतील, तर पॉइंटमागे १ रुपया ६२ पैसे. पॉइंट तोच, तारीख वेगळी. म्हणून ‘या योजनेचा पॉइंट इतक्या पैशांचा’ असा एकच आकडा सांगणारे व्हिडिओ थोडे जपूनच पाहावेत.

हॉटेलचं उदाहरण घेऊ. साडेसात हजारांच्या वर भाडं असलेल्या खोलीवर १८ टक्के जीएसटी लागतो. समजा महाबळेश्वरला खोली ११,००० ला आहे. करासह ती १२,९८० ला पडते. तीच रात्र १५,००० पॉइंट्सना मिळत असेल तर पॉइंटमागे साधारण ८६ पैसे. छान. पण आता स्वतःला खरं विचारा. पॉइंट्स नसते तर तुम्ही ११ हजारांच्या खोलीत राहिला असता का? चार हजारांच्या साध्या, स्वच्छ हॉटेलात राहिला असता, तर ५ टक्के जीएसटी धरून तुमचे वाचले ४,२००. म्हणजे पॉइंटमागे २८ पैसे, आणि वर एक चांगली गादी. जे पैसे आपण एरवी खर्चच केले नसते ते ‘वाचले’ म्हणायचे नाहीत. इंग्रजी ब्लॉगवाले बिझनेस क्लासच्या तिकिटावर पॉइंटला पाच-पाच रुपये मिळाल्याचं सांगतात तेव्हा नेमकं हेच विसरतात. चांगल्या गादीला किंमत नाही असं नाही. ती किती, हे ज्याने त्याने ठरवायचं.

शिवाय मोफत रात्रीत नाश्ता धरलेला असतोच असं नाही. चौघांचं कुटुंब पंचतारांकित हॉटेलात दोन दिवस नाश्ता-जेवण तिथेच करणार असेल तर ‘फुकट’ सहलीचं बिल चांगलंच येतं. मॅरियटच्या योजनेत सलग पाच रात्री पॉइंट्सने घेतल्या तर चारच रात्रींचे पॉइंट्स कापले जातात. पाच दिवस महाबळेश्वरात कोण राहतं हा प्रश्न वेगळा, पण गोव्याला किंवा परदेशात तो नियम कामी येतो.

सगळ्यात वाईट सौदा बहुतेक वेळा कॅटलॉगमध्ये असतो. ३०,००० पॉइंट्स देऊन बाजारात ६,००० ला मिळणारा मिक्सर किंवा हेडफोन घेतलात, तर पॉइंटमागे २० पैसे. बँकेचं अ‍ॅप नेमकं हेच पान पहिलं दाखवतं.

काही योजनांत हे गणितच नसतं. टाटा न्यूचं एक न्यूकॉइन म्हणजे एक रुपया, आणि ते ताजच्या हॉटेलात चालतं. नोव्होटेल-सोफिटेलवाल्या अ‍ॅकॉरच्या योजनेत २,००० पॉइंट्स म्हणजे बिलात ४० युरोंची सूट, हंगाम कुठलाही असो. इथे घबाड लागत नाही आणि डोकंही खावं लागत नाही. ज्यांना तारखा, जागा, तक्ते बघत बसायचा कंटाळा आहे त्यांनी अशा ठरावीक भावाच्या योजनेत राहिलेलं बरं, असं माझं मत आहे.

गणपती, मे महिना आणि ‘जागा उपलब्ध नाही’

पॉइंट्स आहेत पण तिकीटच दिसत नाही, ही सगळ्यांची तक्रार. त्यामागचं कारण सोपं आहे. जी सीट रोखीने विकली जाईल ती पॉइंट्सवर कोण देईल? मे महिन्याची सुट्टी, दिवाळी, नाताळातला गोवा या तारखांना पॉइंट्सच्या जागा एकतर मोजक्या असतात किंवा त्यांचे पॉइंट्स दुप्पट-तिप्पट मागितले जातात. मॅरियटने तर मार्च २०२२ पासून हॉटेलनिहाय ठरलेला तक्ताच काढून टाकला. रोखीच्या भावासारखाच पॉइंट्सचा भावही आता तारखेप्रमाणे हलतो.

यावर दोनच उपाय आहेत. एक, फार आधी बघणं. बऱ्याच विमान कंपन्या साधारण अकरा महिने आधी जागा खुल्या करतात, त्यामुळे शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेल्या कुटुंबाने मेचं तिकीट आदल्या पावसाळ्यातच पाहायला हवं. दुसरा, गर्दीच्या उलट जाणं. जहाजावर काम करणाऱ्यांच्या घरांना हे सोपं जातं, कारण घरचा माणूस सुट्टीवर येतो तो शाळेची सुट्टी बघून येत नाही.

पॉइंट्सच्या तिकिटावर कर किती लागतो तेही आधी बघा. देशात ही रक्कम झेपते. परदेशी मार्गांवर काही कंपन्या इंधन अधिभार वेगळा लावतात. लंडनहून परत येताना ब्रिटनचा प्रवासी कर असतो आणि वरच्या वर्गात तो आणखी जास्त. मुलीकडे लंडनला जाणाऱ्या आईवडिलांच्या ‘मोफत’ तिकिटावर हजारो रुपये मागितले जातात ते यामुळे. अशा वेळी रोखीचं स्वस्त तिकीट घेऊन पॉइंट्स राखून ठेवणंच शहाणपणाचं ठरू शकतं.

आणि एक नियम लक्षात ठेवाच. बँकेचे पॉइंट्स विमान कंपनीकडे वळवले की ते परत येत नाहीत. आधी हव्या त्या तारखेला जागा आहे का ते विमान कंपनीच्या खात्यात शिरून बघा, मगच वळवा. काही कंपन्यांकडे ते मिनिटांत पोहोचतात, काहींकडे काही दिवस लागतात, आणि तेवढ्यात जागा जाऊ शकते.

तुमचं नाव पासपोर्टवर कसं आहे?

हा मुद्दा इंग्रजी लेखांत सहसा सापडत नाही, कारण तो आपल्या नावांचा आहे. मराठी माणसाचं नाव तीन पदरी. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. अनेकांच्या पासपोर्टवर पहिली दोन नावं एकत्र ‘गिव्हन नेम’मध्ये असतात. तिकीट पासपोर्टप्रमाणे निघतं. पॉइंट्सचं खातं मात्र कधीतरी घाईत, फक्त नाव आणि आडनाव टाकून उघडलेलं असतं. दोन्ही जुळले नाहीत की पॉइंट्स जमा होत नाहीत, किंवा दावा केल्यावर फेटाळला जातो. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांचा घोळ आणखी मोठा. खातं माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि आधार कार्डावर तिसरंच.

उपाय एकच, खातं पासपोर्टप्रमाणे करून घेणं. त्यासाठी लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद मागितली जाते. सहलीच्या आदल्या आठवड्यात हे होत नाही, म्हणून आत्ताच करा.

विमानाचे पॉइंट्स तिकिटाचे पैसे कुणी दिले यावर नाही, कोण उडालं यावर मिळतात. कंपनीने तिकीट काढलं असेल तरी सदस्य क्रमांक तुमचा टाकता येतो, अगदी चेक-इनच्या खिडकीवरही. फक्त खलाशांना मिळणाऱ्या ‘मरीन फेअर’सारख्या खास भाड्यांवर, बुकिंग क्लास पाहून, कमी पॉइंट्स मिळतात किंवा मिळतच नाहीत. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर तक्ता असतो. तिकिटावरचं एक इंग्रजी अक्षर त्यात शोधायचं, दोन मिनिटांचं काम. क्रमांक टाकायचा राहिला असेल तर काही महिन्यांच्या आत मागाहून दावा करता येतो, पण बोर्डिंग पास लागतो. तो विमानातून उतरताना सीटच्या खिशात सोडून येऊ नका.

हॉटेलचं थोडं वेगळं. बुकिंग हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून, अ‍ॅपवरून किंवा फोनवर केलेलं असावं लागतं. दुसऱ्या प्रवासी अ‍ॅपवरून खोली घेतली तर बहुतेक आंतरराष्ट्रीय साखळ्या पॉइंट्स देत नाहीत. मॅरियटमध्ये एका सदस्याला एकाच वेळी तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट्स मिळतात, अट ही की तो स्वतः त्यातल्या एका खोलीत राहत असावा आणि बिल त्याने भरावं. लग्नासाठी हॉटेलचा हॉल आणि वऱ्हाडाच्या खोल्या घेत असाल तर मोठ्या साखळ्यांत कार्यक्रमाच्या बिलावरही यजमानाला पॉइंट्स देण्याचे नियम असतात. मागितल्याशिवाय कुणी आठवण करून देत नाही. करारावर सही करण्याआधीच विचारून घ्या आणि तो मुद्दा करारात लिहून घ्या.

क्रेडिट कार्ड: इथेच खिसा फाटतो

ज्यांना कामासाठी उडावं लागत नाही त्यांचे बहुतेक पॉइंट्स क्रेडिट कार्डातून येतात. आता रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं, त्यामुळे बाजारातल्या दुकानदाराचा व्यापारी क्यूआर स्कॅन करूनही कार्डातून पैसे जातात. दांड्याच्या बाजारात सुरमई घेताना मात्र हे चालेल की नाही ते मावशींच्या क्यूआरवर आहे. तो त्यांच्या बचत खात्याचा साधा क्यूआर असेल तर क्रेडिट कार्ड चालणार नाही.

पूर्वी लोक घरभाडं कार्डाने भरून पॉइंट्स जमवत. खार-सांताक्रूझची भाडी पाहता ते पॉइंट्स थोडेथोडके नव्हते. बँकांनी आधी भाड्यावर शुल्क लावलं, मग अनेकांनी पॉइंट्सच बंद केले. जिथे लोकांना फायदा दिसतो तिथे बँक उशिरा का होईना पोहोचतेच.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अ‍ॅक्सिस बँकेचं ‘मॅग्नस’ कार्ड. पॉइंट्स जमवणाऱ्या मंडळींत या कार्डाचा बोलबाला होता. पाच पॉइंट्स दिले की विमान कंपनीचे चार माइल्स मिळत. १ सप्टेंबर २०२३ पासून पाचाला दोनच मिळू लागले, महिन्याला लाखभर खर्चावरचे जादा पॉइंट्स बंद झाले आणि वार्षिक फी १०,००० वरून १२,५०० झाली. ज्यांच्या खात्यात लाखभर पॉइंट्स साठले होते त्यांचे ८० हजार माइल्स ४० हजारांवर आले. यात बेकायदा काही नव्हतं. अटींमध्ये तो अधिकार बँकेने राखून ठेवलेलाच असतो.

पण हे नुकसान त्या मानाने किरकोळ आहे. खरं नुकसान व्याजात आहे. समजा महिन्याचं बिल ५०,००० आलं आणि तुम्ही फक्त किमान रक्कम भरली. अनेक कार्डांवर महिन्याचं व्याज पावणेचार टक्क्यांपर्यंत असतं. वर्षाला ४५ टक्के! ५०,००० वर एका महिन्याचं व्याज १,८७५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून २,२१२ रुपये. (किमान भरलेली रक्कम वजा धरली तरी चित्र फार बदलत नाही, कारण व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं.) तेवढ्या खर्चावर चांगल्यातल्या चांगल्या साध्या कार्डाने दोन टक्के दिले तरी हाती आले १,००० रुपयांचे पॉइंट्स. एका महिन्याच्या थकबाकीने दोन महिन्यांचे पॉइंट्स खाल्ले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये कार्डाच्या थकीत रकमेवर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. म्हणजे वरची मर्यादा आता बँकेच्या धोरणावर आहे. ज्याचं बिल एकदाही थकतं त्याने पॉइंट्सचा विचारच करू नये, साधं डेबिट कार्ड किंवा यूपीआय बरं.

फीचंही गणित मांडून पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियटसोबत कार्ड आणलं तेव्हा त्याची वार्षिक फी ३,००० रुपये होती. जीएसटी धरून ३,५४०. त्याबदल्यात १५,००० पॉइंट्सपर्यंतच्या हॉटेलात वर्षाला एक रात्र. वरच्या महाबळेश्वरच्या उदाहरणासारखी खोली मिळाली तर सौदा उत्तम आहे. पण ती रात्र तुम्हाला हव्या त्या शनिवारी १५ हजारांच्या आत बसायला हवी, आणि तुम्ही ती मुदतीत वापरायला हवी. दोन वर्षं ती रात्र तशीच गेली तर ७,०८० रुपये गेले.

मुदत: दोन प्रकारची घड्याळं

काही योजनांत पॉइंट मिळाल्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं आणि थांबवता येत नाही. सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर माइल्स तीन वर्षांनी जातात, एमिरेट्सचेही साधारण तसंच. दुसऱ्या प्रकारात खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर सगळेच पॉइंट्स एकदम जातात. मॅरियट आणि हिल्टनमध्ये ही मुदत २४ महिने, ब्रिटिश एअरवेज आणि कतारच्या एव्हिऑसला ३६ महिने, अ‍ॅकॉरमध्ये जेमतेम एक वर्ष. या प्रकारात एखादी छोटीशी कमाई किंवा खर्च झाला की घड्याळ पुन्हा शून्यावर. नोकरी बदलली, दौरे थांबले की याच खात्यांवर पाणी पडतं.

इथेच भामटे घुसतात. ‘तुमचे ९,८५० रुपयांचे रिवॉर्ड पॉइंट्स आज रात्री संपत आहेत’ असा मेसेज आणि खाली लिंक किंवा एपीके फाइल. स्टेट बँकेच्या नावाने फिरलेल्या अशा मेसेजबद्दल केंद्र सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने जाहीर इशारा दिला होता. फाइल उतरवली की मोबाइलमधले ओटीपी समोरच्याला दिसू लागतात. मुदत खरंच संपतेय का ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्वतः जाऊन पाहा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा, पैसे पुढे सरकण्याआधी गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते.

घरात कुणाला माहीत आहे?

पॉइंट्सच्या खात्याला बँकेसारखं नामनिर्देशन नसतं. सदस्य दगावला तर काही योजना मृत्यूचा दाखला आणि कागदपत्रं पाहून पॉइंट्स जोडीदाराच्या किंवा वारसाच्या खात्यात देतात, काही योजना खातं बंद करतात. बँक, विमा, पीएफ यांच्या यादीत या खात्यांचे क्रमांक लिहून ठेवले तर निदान विचारता तरी येतं. काही योजनांत जिवंतपणीच कुटुंबाचं एकत्र खातं करता येतं. एमिरेट्सचं ‘माय फॅमिली’ हे त्यातलं एक. चौघांच्या खात्यांत तुकड्या-तुकड्याने पडलेले पॉइंट्स त्यामुळे एका तिकिटाएवढे होतात.

जहाजावर जाणाऱ्यांसाठी एक शेवटची व्यवहारी गोष्ट. पॉइंट्स वापरताना बहुतेक वेळा ओटीपी येतो आणि तो भारतातल्या सिमवर येतो. माणूस सहा-आठ महिने समुद्रात, सिम बंद, आणि घरचे मे महिन्याचं तिकीट काढायला बसलेले. तेव्हा जहाज धरण्याआधी खात्याला ई-मेल जोडून घ्या, ओटीपी ई-मेलवर येण्याची सोय असेल तर ती चालू करा. आणि घरच्यांचं तिकीट पॉइंट्सवर काढायचं ठरलंच असेल तर ते घरून निघण्याआधी काढा.